निकस दगड आणि अजस्र यंत्रे

खनिज फोडण्याची, दळण्याची आणि निवडण्याची यंत्रे कोणत्या देशाला अधिक लागत असतील, असा प्रश्न केला तर बहुतेक विद्यार्थी उत्तर देतील की, ज्या देशाच्या भूमीत उत्तम खनिज विपुल आहे त्याला. हे उत्तर वरवर पाहता सयुक्तिक वाटते. तथापि ते पुरतेपणी खरे नाही. उत्तम खनिजाला यंत्रांची फारशी गरजच नसते. ते खणावे, वाघिणीत भरावे आणि भट्टीकडे रवाना करावे, इतकेच काम असते. यंत्रांची खरी मागणी उत्पन्न होते ती उत्तम खनिज सरल्यावर, निकस दगडातून धातू वेचण्याची पाळी आली म्हणजे. ही पाळी ज्या देशांवर प्रथम आली त्यांत अमेरिकेची संयुक्त संस्थाने हा देश प्रमुख होय. प्रस्तुत लेखात आम्ही त्या देशातील मिनेसोटा राज्याचे उदाहरण घेत आहोत. त्यात भूगोल, गणित, पदार्थविज्ञान आणि नागरिकशास्त्र या चारही विषयांचा पाठ एकत्र सापडतो. आणि तो पाठ आपल्या गोमंतकालाही परका नाही.

उत्तम खनिजाचे दिवस

मिनेसोटाच्या ईशान्य भागात मेसाबी नावाची एक लांबलचक, बुटकी डोंगररांग आहे. तेथील मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ राक्षस किंवा महाकाय पुरुष असा आहे. १८९० मध्ये मेरिट बंधूंना या रांगेत लोहखनिज सापडले आणि १८९२ मध्ये तेथून पहिला माल बाहेर पडला. हे खनिज तांबूस, भुसभुशीत आणि जमिनीच्या पृष्ठभागालगतच होते. त्यात लोहाचे प्रमाण निम्म्याहून अधिक असे. वाफेच्या फावड्यांनी ते उपसावे, आगगाडीने सुपीरियर सरोवराच्या काठावरील डलूथ किंवा टू हार्बर्स या बंदरांत न्यावे आणि तेथून जहाजांनी ओहायो व पेनसिल्व्हेनियाच्या झोतभट्ट्यांकडे धाडावे, असा क्रम पन्नास वर्षे अव्याहत चालला. हिबिंग नावाचे गाव तर खनिजाच्या थरावरच वसलेले निघाले. तेव्हा १९१९ पासून त्या गावातील घरे उचलून, ओंडक्यांवरून व चाकांवरून ओढीत, दक्षिणेला नेऊन ठेवण्यात आली.

दोन महायुद्धांत या डोंगरांनी अमेरिकेला रणगाडे, जहाजे आणि पूल यांसाठी लागणाऱ्या लोखंडाचा फार मोठा हिस्सा पुरविला. परंतु कोठार कितीही मोठे असले, तरी नुसते काढीत गेले म्हणजे त्याचा तळ दिसणारच. दुसरे महायुद्ध संपण्याच्या सुमारास उत्तम खनिज आता फार काळ पुरणार नाही, हे सर्वांना कळून चुकले.

टॅकोनाइट

त्या भुसभुशीत खनिजाभोवती आणि त्याखाली टॅकोनाइट नावाचा एक करडा दगड अफाट प्रमाणात पसरला होता. त्यात लोहाचे प्रमाण शंभरात पंचवीस ते तीस इतकेच. बाकीचा भाग मुख्यतः गारगोटीसारखा. शिवाय तो इतका कठीण की, पोलादाच्या पहारी त्याच्यापुढे बोथट होत. कित्येक वर्षे तो निरुपयोगी म्हणून दूर सारला जाई.

मिनेसोटा विद्यापीठातील एडवर्ड डेव्हिस या अध्यापकाने पहिल्या महायुद्धाच्या काळापासून या दगडाचा पिच्छा पुरविला. टॅकोनाइटमधील पुष्कळसे लोह मॅग्नेटाइटच्या रूपात असते आणि मॅग्नेटाइटला लोहचुंबक ओढून घेतो. मग दगड पुरेसा बारीक दळला, तर चुंबकाने लोहाचे कण वेगळे का काढता येऊ नयेत? कल्पना सरळ होती, पण खर्च वाकडा होता. बॅबिट या गावी १९२२ मध्ये उभारलेला पहिला कारखाना १९२४ मध्ये बंद करावा लागला. कारण उत्तम खनिज स्वस्त असेपर्यंत महागड्या दळणाला गिऱ्हाईक मिळेना.

पुढे तीन गोष्टी जुळून आल्या. उत्तम खनिज संपत आले. १९४१ मध्ये राज्याने टॅकोनाइटवरील कराची पद्धत बदलली. आणि पोलादकंपन्यांनी भांडवल ओतण्याची तयारी दाखविली. १९५०-६० या दशकाच्या मध्यास सिल्व्हर बे येथे रिझर्व्ह मायनिंग कंपनीचा आणि १९५७ मध्ये हॉइट लेक्स येथे ईरी मायनिंग कंपनीचा, असे दोन प्रचंड कारखाने सुरू झाले. १९६४ मध्ये तर मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून, टॅकोनाइटवर पंचवीस वर्षे अवाजवी कर बसणार नाही अशी हमीच दिली. यंत्रांची मागणी केवळ बाजारात जन्मत नाही. ती कायद्यातही जन्मते, हे विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात घ्यावे.

जाते, सूप आणि लाडू

या कारखान्यांतील क्रिया आपल्या स्वयंपाकघराला अनोळखी नाहीत. फक्त त्यांचे माप राक्षसी आहे. सुरुंगासाठी भोके पाडण्यास पोलादी पहारी पुरेनात, तेव्हा रॉकेल आणि प्राणवायू यांच्या ज्वालेने दगड तडकावून भोके पाडण्याची युक्ती वापरण्यात आली. सुरुंगाने फुटलेले धोंडे प्रथम मोठ्या क्रशरमध्ये आणि मग शंकूच्या आकाराच्या लहान क्रशरमध्ये फोडतात. नंतर तो चुरा पाण्यासह पोलादाच्या आडव्या पिंपांत जातो. या पिंपांत पोलादी दांडे किंवा गोळे असतात. पिंप फिरू लागले म्हणजे ते वर चढतात, खाली कोसळतात आणि दगडाचे पीठ करतात. पाट्यावर वरवंटा किंवा आमच्या कोकणी घरांतील रगडो जे काम करतो, तेच हे काम होय. हे पीठ एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही बारीक होते.

त्यानंतर येते सूप. मात्र ते वाऱ्याचे नव्हे, चुंबकाचे. फिरत्या पिंपाच्या आत बसविलेले चुंबक लोहाचे कण धरून ठेवतात आणि गारगोटीचे पीठ पाण्याबरोबर वाहून जाते. हाती आलेले काळे पीठ भट्टीत तसेच टाकले, तर झोताबरोबर उडून जाईल. म्हणून त्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती किंचित मिसळून, फिरत्या पिंपात त्याचे गोटीएवढे लाडू वळतात आणि ते सुमारे १३०० अंश सेल्सियस उष्णतेत भाजतात. या गोळ्यांत लोहाचे प्रमाण शंभरात पासष्टच्या आसपास असते. त्या एकसारख्या आकाराच्या असल्यामुळे झोतभट्टीत हवा त्यांच्यामधून सुरळीत खेळते. म्हणजे निकस दगडापासून झालेला हा माल मूळच्या उत्तम खनिजापेक्षाही भट्टीला अधिक मानवला. आजही अमेरिकेत निघणारे बहुतेक सर्व लोहखनिज मिनेसोटा व मिशिगन या दोन राज्यांतून येते, आणि ते मुख्यतः गोळ्यांच्याच रूपात.

मागणी का संपत नाही

ही यंत्रे घडविणारे मोठे कारखाने मिलवॉकी शहरात होते. तेथील अ‍ॅलिस-चामर्स कंपनी दळणाची पिंपे बनवी, तर नॉर्डबर्ग कंपनी शंकूच्या आकाराचे क्रशर बनवी. अ‍ॅलिस-चामर्समधील अभियंते फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये दळणाचा एक नियम मांडला. त्याचा आशय असा की, कण जितका बारीक करावा, तितकी ऊर्जा त्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, मध्यम कठीण दगडाचा एक सेंटिमीटरचा खडा घेऊन तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका बारीक करण्यास टनामागे साडेतेरा युनिट वीज लागते असे धरा. तोच दगड त्याच्याही चौथ्या हिश्शाइतका बारीक करावयाचा झाल्यास साडेअठ्ठावीस युनिट लागतील. कण चौथा हिस्सा झाला आणि वीज दुपटीहून अधिक झाली.

आता याला दुसरे गणित जोडू. शंभरात सत्तावीस भाग लोह असलेल्या तीन टन दगडातून सुमारे एक टन गोळी मिळते. म्हणजे एक टन मालासाठी केवळ दळणाची वीज तिप्पट, साडेपंच्याऐंशी युनिट झाली. दगड आणखी निकस निघाला आणि तीनऐवजी चार टन दळावे लागले, तर ती एकशे चौदावर जाईल. मालाचे उत्पादन एका टनानेही न वाढता पिंपांची, पंपांची आणि मोटारींची मागणी मात्र वाढली. तांब्याची गोष्ट याहून बोलकी आहे. यूटा राज्यातील बिंगहॅम येथे १९०६ मध्ये उघड्या खाणीतून तांबे काढू लागले, तेव्हा दगडात सुमारे दोन टक्के तांबे असे. अर्धा टक्का तांबे असलेल्या दगडातून एक टन तांबे मिळविण्यासाठी दोनशे टन दगड दळावा लागतो.

शिवाय यंत्र एकदा विकले म्हणजे व्यवहार संपला, असे येथे होत नाही. पिंपांतील पोलादी गोळे झिजतात, आतील अस्तर झिजते, क्रशरचे जबडे झिजतात. लोखंड मिळविण्यासाठी लोखंडच खर्ची घालावे लागते. अलीकडे त्यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. अमेरिकेतील सुमारे दोनतृतीयांश पोलाद आता विजेच्या भट्ट्यांत, मुख्यतः भंगारापासून बनते. या भट्ट्यांना खनिजापासून केलेले लोह पुरवावयाचे झाल्यास गोळ्यांत गारगोटीचा अंश फारच थोडा चालतो. म्हणून आणखी शुद्धीकरण आले, आणि त्याबरोबर आणखी यंत्रे आली.

चोथा कोठे जातो?

इथवरच्या हिशेबात एक रकम आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. तीन टन दगडातून एक टन माल निघाला, तर उरलेले दोन टन कोठे गेले?

रिझर्व्ह कंपनीने दगड बॅबिटच्या खाणीतून आगगाडीने सुपीरियर सरोवराच्या काठी आणला. कारण या दळणाला पाणी विपुल लागते. १९४७ मध्ये तिने उरलेला चोथा सरोवरात सोडण्याचा परवाना मिळविला. तो जड असल्याने खोल पाण्यात तळाशी बसेल, अशी समजूत होती. पुढे दर दिवशी सुमारे ६७,००० टन चोथा त्या सरोवरात पडू लागला. क्षेत्रफळाने जगात सर्वांत मोठे असलेले हे गोड्या पाण्याचे सरोवर, आणि डलूथ शहर त्याचेच पाणी न गाळता पीत असे. १९७३ मध्ये त्या पिण्याच्या पाण्यात अ‍ॅस्बेस्टॉससारखे सूक्ष्म तंतू आढळले. २० एप्रिल १९७४ रोजी न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करण्याचा हुकूम दिला. तीन हजारांवर कामगारांची चूल एका दिवसात विझण्याची वेळ आली. दोनच दिवसांत वरिष्ठ न्यायालयाने हुकुमास स्थगिती दिली. त्या न्यायालयाने पुढे ठरविले की, तात्काळ धोका सिद्ध झालेला नसला तरी चोथा सरोवरात टाकणे थांबलेच पाहिजे. मात्र त्यासाठी कंपनीला वाजवी मुदत द्यावी. अखेर १९८० मध्ये चोथा जमिनीवर, धरण बांधून केलेल्या तळ्यात साठविला जाऊ लागला. जे तळे आरंभीच बांधता आले असते, ते कोट्यवधी डॉलर खर्चून, वर्षानुवर्षे खटला चालवून आणि एका शहराची झोप उडवून बांधावे लागले.

आपल्या भूमीकडे पाहताना

हेच तंत्र सह्याद्रीतही आले होते. कर्नाटकातील कुद्रेमुख येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने मॅग्नेटाइटचा निकस दगड दळून, चुंबकाने वेचून, त्याचा काला नळाने मंगळूरला नेला. तेथला चोथा लक्या धरणामागे साठविला गेला. भद्रा नदीच्या उगमाजवळची ही खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००५ च्या अखेरीस थांबली.

गोमंतकातील खनिज टॅकोनाइटइतके कठीण नाही. त्याला दळण्यापेक्षा धुण्याचीच गरज अधिक. परंतु येथेही एक टन खनिजामागे साधारणतः अडीच ते तीन टन माती-दगड दूर सारावे लागतात. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील शेतकऱ्यांनी पावसाळ्यात हीच तांबडी माती आपल्या शेतांत उतरलेली पाहिली आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येथील खाणी थांबविल्या. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. २०१८ मध्ये खाणपट्टे पुन्हा रद्द केले. आणि २०२२ पासून लिलाव सुरू झाले. या काळात ट्रकवाले, बार्जवरील खलाशी आणि गॅरेजवाले यांच्या घरी काय गुजरले, हे या मासिकाच्या अनेक वाचकांना सांगावयास नको. सिल्व्हर बेच्या कामगारांची आणि आपल्या खाणकामगारांची व्यथा एकाच जातीची आहे. दोन्ही ठिकाणी हिशेबातली एक रकम आरंभी वगळली गेली, आणि ती पुढे व्याजासह वसूल झाली ती मुख्यतः ज्यांनी ती वगळली नव्हती त्यांच्याकडून.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, खनिजाच्या कोणत्याही यंत्राविषयी वाचाल तेव्हा तीन हिशेब मांडून पाहा: किती दगड आत गेला, किती वीज व पाणी लागले, आणि किती चोथा उरला व तो कोठे ठेवला. पहिले दोन हिशेब यंत्र विकणारा आपण होऊन सांगतो. तिसरा विचारावा लागतो. खाण किंवा कारखाना सुरू करण्यापूर्वी जनसुनावणी होते, तेव्हा तेथे जाडजूड अहवाल ठेवलेला असतो. आज शाळेत बेरीज-वजाबाकी शिकणारा विद्यार्थी उद्या त्या सभेत उभा राहून, ‘तीन वजा एक, बाकी दोन, ती कोठे आहे?’ असे सभ्य पण स्पष्ट शब्दांत विचारू शकला, तर त्याचे गणित शिकणे सार्थकी लागले असे आम्ही मानू.