हक्काचे दार

महाभारताच्या शेवटी एक हृदयंगम कथा आहे. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत एकामागून एक गळून पडले आणि धर्मराज युधिष्ठिर एकटाच पुढे चालत राहिला. त्याच्या मागोमाग अखेरपर्यंत आला तो केवळ एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन समोर आला. परंतु 'कुत्र्याला येथेच सोड' असे त्याने सांगताच धर्मराजाने रथात पाऊल ठेवण्यास नकार दिला. सोबत्याचा त्याग करून मिळणारा स्वर्गही त्याला नको होता.

ही झाली पुराणातील कथा. परंतु एखाद्या उपाहारगृहाच्या दाराशी एक अंध मनुष्य आपल्या कुत्र्यासह उभा आहे आणि 'कुत्र्याला बाहेर बांधा, मग आत या' असे त्याला सांगण्यात येत आहे, अशी कल्पना करा. त्याने काय करावे? माघारी फिरावे? विनवणी करावी? की आणखी काही? अमेरिकेतील अंधांपुढे हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी कसे मिळवले, ते आपण पाहू.

पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांची दृष्टी गेली. त्यांना पुन्हा स्वतंत्रपणे हिंडता-फिरता यावे म्हणून जर्मनीतील ओल्डेनबुर्ग या गावी १९१६ साली वाटाड्या कुत्रे तयार करणारी शाळा निघाली. पुढे पॉट्सडॅम या शहरीही अशीच एक शाळा सुरू झाली. डोरोथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन बाई त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये राहून जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांची पैदास करीत व त्यांना शिकवीत. पॉट्सडॅमची शाळा पाहून त्या चकित झाल्या आणि १९२७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी एका अमेरिकन साप्ताहिकात तिच्याविषयी लेख लिहिला.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॅशव्हिल नावाचे शहर आहे. तेथे मॉरिस फ्रँक हा एकोणीस वर्षांचा तरुण राहत होता. सहाव्या वर्षी एका अपघातात त्याचा एक डोळा गेला आणि सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना दुसराही गेला. पावलोपावली कोणाचा तरी हात धरावा लागे, याचे त्याला फार दुःख होई. वडिलांनी तो लेख त्याला वाचून दाखवला, तेव्हा त्याच्या मनात आशेचा अंकुर फुटला. आपल्याला असा कुत्रा मिळावा, म्हणजे आपण मायदेशी परतून इतर अंधांनाही ही वाट दाखवू, असे त्याने यूस्टिसबाईंना कळवले. बाईंनी त्याला बोलावून घेतले. १९२८ साली तो युरोपास निघाला, तेव्हा अंध म्हणून त्याला एखाद्या मालाच्या गाठोड्याप्रमाणे पाठवण्यात आले. मनास येईल तेव्हा जहाजावर फिरण्याचीही त्याला मुभा नव्हती.

स्वित्झर्लंडमध्ये त्याला एक शिकवलेली जर्मन शेफर्ड मादी मिळाली. तिचे नाव त्याने 'बडी' ठेवले. 'बडी' म्हणजे सोबती.

वाटाड्या कुत्रा नेमके काय करतो? पुष्कळांना वाटते की, 'बाजारात चल' म्हटले की तो धन्याला बाजारात नेतो. तसे नाही. कोठे जायचे व कोणत्या वळणाने जायचे, हे माणसाने ठरवायचे. वाटेतील धोके कुत्र्याने टाळायचे. त्याच्या अंगावर पट्ट्यांचा साज असतो व त्या साजाला एक ताठ दांडी असते. ती दांडी माणूस हाती धरतो. कुत्रा डावीकडे वळला, उजवीकडे वळला किंवा थांबला, की दांडीतून हाताला तत्काळ कळते. पदपथ संपला की कुत्रा थांबतो. डोक्याला लागेल अशी फांदी आडवी असली, तरी तो वळसा घालून जातो. स्वतःच्या उंचीपेक्षा धन्याची उंची अधिक आहे, हे त्याला शिकवलेले असते. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे योग्य वेळी आज्ञा मोडण्याचेही शिक्षण त्याला मिळते. 'पुढे चल' अशी आज्ञा झाली, पण समोरून मोटार येत असली, तर तो जागचा हालत नाही. आज्ञापालनाइतकाच विवेकही त्याच्या अंगी असावा लागतो.

१९२८ च्या जून महिन्यात मॉरिस आणि बडी न्यूयॉर्क बंदरात उतरले. वार्ताहर जमले होते. त्यांच्यादेखत मॉरिसने बडीच्या साजाची दांडी धरली आणि वाहनांनी गजबजलेला एक रुंद रस्ता कोणाच्याही मदतीवाचून ओलांडला. मग त्याने यूस्टिसबाईंना तार केली. तारेत एकच शब्द होता : यश!

पुढल्या वर्षी, १९२९ च्या जानेवारीत, नॅशव्हिल येथे 'सीइंग आय', म्हणजे 'पाहणारा डोळा', या नावाची संस्था स्थापन झाली. पुढे ती न्यू जर्सी राज्यात गेली आणि आजही तेथे वाटाड्या कुत्रे तयार करण्याचे काम करीत आहे.

रस्ता ओलांडला गेला. परंतु दार ओलांडणे त्याहून कठीण ठरले. आगगाडीत कुत्र्याची जागा मालाच्या डब्यात होती. उपाहारगृहे, दुकाने, मुक्कामाची हॉटेले, सर्वत्र 'कुत्र्यांना मज्जाव' हाच नियम असे. दुकानदारांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते, असे नाही. कुत्रा घाण करील, कोणाला चावेल, इतर गिऱ्हाइके नाराज होतील, ही भीती त्यांना वाटे. पाळीव कुत्र्यांच्या बाबतीत ती खरीही ठरली असती. परंतु बडी टेबलाखाली निमूटपणे पडून राही. शिवाय ज्याला तिच्यावाचून वाट सापडत नाही, त्याच्यापासून तिला वेगळे करणे म्हणजे प्रत्यक्षात त्यालाच दाराबाहेर ठेवणे होते. 'कुत्र्यांना मज्जाव' हा नियम सर्वांना सारखा दिसत असला, तरी त्याचा घाव मात्र सर्वांवर सारखा पडत नव्हता.

मॉरिसने हार मानली नाही. बडीला घेऊन तो गावोगाव हिंडला, सभांतून बोलला, अधिकाऱ्यांना भेटला. हळूहळू लोकमत बदलू लागले. १९३५ सालापर्यंत अमेरिकेतील सर्व रेल्वे कंपन्यांनी वाटाड्या कुत्र्यांना धन्यापाशी बसू देण्याचे मान्य केले. १९३८ साली बडीने विमानातूनही प्रवास केला. त्याच वर्षी ती मरण पावली. परंतु मॉरिसने आपल्या पुढच्या प्रत्येक कुत्र्याला 'बडी' हेच नाव दिले. १९५६ सालापर्यंत देशातील प्रत्येक राज्याने अंधांना वाटाड्या कुत्र्यासह सार्वजनिक ठिकाणी जाऊ देणारे कायदे केले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. एखाद्या दयाळू व्यवस्थापकाने आज आत येऊ दिले, म्हणून उद्या त्याच्या जागी येणारा दुसरा व्यवस्थापकही येऊ देईल, असे सांगता येत नाही. दया ही देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. हक्क तसा नसतो. तो मागण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणूनच चांगुलपणाला कायद्याचा आधार हवा असतो.

२६ जुलै १९९० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी अपंगत्व असलेल्या नागरिकांच्या हक्कांविषयीच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली. तो साऱ्या देशाला लागू झाला आणि केवळ अंधांपुरताही राहिला नाही. बहिऱ्या माणसाला दारावरची थाप किंवा धोक्याची घंटा कळवणारे कुत्रे असतात. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्याला खाली पडलेली वस्तू उचलून देणारे कुत्रे असतात. अपंगत्वामुळे अडणारे ठरावीक काम करण्यास शिकवलेल्या अशा सर्व कुत्र्यांना 'सेवक कुत्रे' मानण्यात आले. २०११ सालापासून लागू झालेल्या नियमांत तर लहान चणीच्या, अशीच कामे शिकवलेल्या घोड्यांचाही विचार केलेला आहे!

या कायद्याप्रमाणे दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह, हॉटेल, रुग्णालय अशा ठिकाणी, जेथे इतर लोक जाऊ शकतात तेथे, अपंग व्यक्तीला आपल्या सेवक कुत्र्यासह जाता येते. काम कोणते, हे उघड दिसत नसेल तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात : हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय? आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? त्यापुढे जाऊन 'तुम्हांला कोणता आजार आहे?', 'प्रमाणपत्र दाखवा', 'कुत्र्याकडून काम करवून दाखवा', असे म्हणता येत नाही. पाळीव प्राण्यांसाठी जादा आकार घेण्याची रीत असली, तरी सेवक कुत्र्यासाठी तो घेता येत नाही. कुत्रा आहे म्हणून त्या माणसाला इतरांपासून वेगळे बसवता येत नाही. कोणाला कुत्र्याची भीती वाटते किंवा त्याच्या केसांचा त्रास होतो, एवढ्या कारणावरूनही त्याला बाहेर काढता येत नाही; दोघांचीही सोय होईल अशी काही व्यवस्था करावी लागते.

मात्र हक्क म्हटला की त्याच्याबरोबर कर्तव्य आलेच. कुत्रा सदैव धन्याच्या ताब्यात असला पाहिजे. तो अनावर झाला आणि धन्याने त्याला आवरले नाही, किंवा तो आत घाण करू लागला, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते. तरीही माणसाला मात्र, कुत्र्यावाचून, हवी ती वस्तू किंवा सेवा मिळालीच पाहिजे. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या दालनासारख्या निर्जंतुक जागी कुत्र्याला नेता येत नाही. घरी केवळ सोबतीसाठी पाळलेला कुत्रा कितीही लाडका असला, तरी त्याला हा हक्क लागू होत नाही. लाडक्या कुत्र्याला 'सेवक' म्हणवून आत नेणारा मनुष्य दुकानदाराला तर फसवतोच, पण खरी गरज असणाऱ्याविषयीही लोकांच्या मनात संशय निर्माण करतो.

आता तुमच्या लक्षात आले असेल की, हा हक्क मुळात कुत्र्याचा नव्हे, माणसाचा आहे. कुत्रा आत येतो, तो माणसाला आत येता यावे म्हणून.

आपल्या देशात वाटाड्या कुत्रे क्वचितच पाहावयास मिळतात. आपल्या ओळखीची आहे ती अंधांच्या हातातील पांढरी काठी. परंतु प्रश्न तोच आहे. भारतात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. दिव्यांगत्वामुळे कोणाशी भेदभाव होऊ नये आणि सार्वजनिक इमारती व सेवा सर्वांना वापरता याव्यात, हे तत्त्व त्यात मांडलेले आहे. काठी असो, चाकांची खुर्ची असो, की कुत्रा असो. ज्याच्या आधाराने मनुष्य चालतो, तो आधार दाराबाहेर ठेवण्यास सांगणे म्हणजे त्या माणसालाच बाहेर ठेवणे होय.

कायदा दार उघडे ठेवू शकतो. आत आलेल्याचे स्वागत मात्र आपणच करावयाचे असते. साज घातलेला कुत्रा कधी दिसला, तर त्याला हाक मारू नका, कुरवाळू नका, खाऊ देऊ नका. त्या वेळी तो कामावर असतो. आणि बोलायचे झाले, तर कुत्र्याशी नव्हे, त्याच्यासोबत असलेल्या माणसाशी बोला.

शब्दार्थ
हृदयंगम – मनाला भिडणारी. मज्जाव – आत येण्यास मनाई. साज – प्राण्याच्या अंगावर चढवायचे पट्टे. निमूटपणे – मुकाट्याने. विवेक – बरेवाईट ओळखण्याची शक्ती. चण – शरीराची ठेवण. अनावर – ताब्यात न राहणारा.

स्वाध्याय
१. वाटेवर माणसाचे काम कोणते व वाटाड्या कुत्र्याचे काम कोणते, ते लिहा.
२. 'कुत्र्यांना मज्जाव' हा नियम सर्वांना सारखा दिसत असूनही अन्यायकारक का होता?
३. कारणे द्या : (अ) वाटाड्या कुत्र्याला आज्ञा मोडण्याचेही शिक्षण देतात. (आ) मॉरिसला केवळ दयाळू लोकांवर अवलंबून राहणे पुरेसे वाटले नसते.
४. दया आणि हक्क यांतील फरक तुमच्या शब्दांत, एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
५. पुढील शब्द वाक्यांत वापरा : हार मानणे, हात पसरणे, वळसा घालणे.
६. तुमच्या शाळेचे प्रवेशद्वार, जिने व वर्ग पाहा. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या किंवा पांढरी काठी वापरणाऱ्या विद्यार्थ्याला कोठे अडचण येईल, याची नोंद करा आणि ती वर्गात वाचून दाखवा.