हिवाळ्यातील कोरडी त्वचा : पाणी आणि तेल यांचे कार्य

कार्तिक सरत आला म्हणजे सेलूच्या परिसरात थंडी जाणवू लागते. शेतात कापूस वेचणीस आलेला असतो, ज्वारी व करडई वाढीस लागलेली असतात, आणि त्याच सुमारास लहानथोरांच्या हातापायांची कातडी उलू लागते. नखाने ओढले तर अंगावर पांढरी रेघ उमटते, टाचांस भेगा पडतात, कापूस वेचणाऱ्या स्त्रियांच्या बोटांस बोंडांची वाळलेली टोके बोचून चिरा जातात. ह्यावर उपाय म्हणून घरोघरी तेल चोळतात. तथापि पुष्कळांस म्हणावा तसा गुण येत नाही. असे का व्हावे, ह्याचा विचार आपण येथे करू.

प्रथम हवेकडे पाहू. एक घनमीटर हवा 30 अंश सेल्सियस उष्णमानास सुमारे 30 ग्रॅम वाफ धारण करू शकते. 10 अंशांस मात्र सुमारे 9 ग्रॅमच. परभणी जिल्ह्यात हिवाळ्याच्या पहाटे पारा कित्येकदा 10 अंशांच्याही खाली उतरतो, आणि दुपारी पुन्हा 30 च्या जवळ चढतो. पहाटेची हवा वाफेने पूर्ण भरलेली असली, तरी दुपारी तापल्यावर तिच्यातील वाफ तिच्या धारणशक्तीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी ठरते. अशी तहानलेली हवा मिळेल तेथून पाणी ओढते. दोरीवरचे धोतर ती जशी वाळविते, तशीच आपली त्वचाही.

आता त्वचेची रचना ध्यानात घ्यावी. तिचा सर्वांत बाहेरचा थर निर्जीव पेशींचा असून अंगाच्या बहुतेक भागावर त्याची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याहून अधिक नसते. ह्या पेशी भिंतीतील विटांप्रमाणे रचलेल्या असतात, व त्यांमधील सांधे स्निग्ध पदार्थाने भरलेले असतात. सांधे शाबूत असेपर्यंत आतील पाणी आत राहते. तळहात व तळपाय ह्यांवर तेलग्रंथी मुळीच नाहीत. भेगा तेथे लवकर पडण्याचे हे एक कारण होय.

सन 1952 मध्ये इर्विन ब्लँक नामक अमेरिकन संशोधकाने एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. वाळलेल्या घट्ट्याची कातडी त्याने तेलात ठेवली, ती कडकच राहिली. पाण्याने भिजविली, ती मऊ झाली. आमच्या विद्यार्थ्यांनी हाच प्रयोग कापलेल्या नखांवर करून पाहावा. एक तुकडा तेलात व दुसरा पाण्यात तासभर ठेवावा, आणि मग दोन्ही वाकवून पाहावेत. त्वचेस मऊपणा पाण्याने येतो. ते पाणी उडून जाऊ न देणे, हे तेलाचे काम. कोरड्याठाक त्वचेवर तेल चोळणे म्हणजे रिकाम्या रांजणावर झाकण घालण्यासारखे आहे.

ह्यावरून उपायाचा क्रम आपोआप ठरतो. स्नान कोमट पाण्याने करावे. कढत पाणी सांध्यांतील स्निग्धांश काढून नेते. साबण क्षारधर्मी आणि त्वचा किंचित आम्लधर्मी असल्याने तो थोडाच, व मळ असेल तेथेच लावावा. अंग टिपावे, खसखसून पुसू नये, आणि ओल आहे तोच तेलाचा पातळ हात फिरवावा. दिवाळीतील अभ्यंगाचे तेल स्नानापूर्वीचे असते. त्याने साबणापासून रक्षण होते खरे, परंतु उटण्याबरोबर ते बरेचसे निघून जाते. म्हणून स्नानोत्तर तेल निराळे लावावे. भांडी घासल्यावर व धुणे धुतल्यावरही हाच नियम पाळावा. टाचांकरिता व्हॅसलीन अथवा कोकणातले आमसुलाचे तेल, म्हणजे भिरंडेल, अधिक चांगले. ते घट्ट असल्याने टिकून राहते.

महाग मलमे न परवडणाऱ्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही. आपल्या शिवारातील करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते, आणि त्वचेच्या सांध्यांतील स्निग्ध पदार्थ घडविण्यास नेमके तेच लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, करडईचे तेल चोळलेल्या नवजात बालकांच्या रक्तात अशी आवश्यक स्निग्धाम्ले वाढलेली आढळली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईच्या एका वाणास ‘परभणी कुसुम’ हे नाव दिले आहे. असे पीक दाराशी असता दूरचे कशास शोधावे?

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. थंडीने उललेली कातडी चरचरते, दुखते. जो चट्टा कोरडा, फिकट अथवा लालसर असून ज्यास स्पर्श कळत नाही, त्यास थंडीचा दोष समजून तेलावर भागवू नये. तो कुष्ठरोगाचा आरंभ असू शकतो. त्या रोगात मज्जातंतू बिघडून घाम बंद होतो, त्वचा कोरडी पडते, आणि वेदना नसल्यामुळे भेगेची जखम होऊन ती हाडापर्यंत जाते. अशा रुग्णांस हातपाय रोज सुमारे 20 मिनिटे पाण्यात भिजवून, राठ कातडी हलकेच घासून, ओल्यावरच तेल लावण्यास शिकवितात. म्हणजे वर सांगितलेलाच नियम तेथे बोटे वाचवितो. हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ते औषध विनामूल्य मिळते. मधुमेह्यांनीही पायांच्या भेगा रोज पाहाव्यात.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, हे ज्ञान वहीत ठेवू नका. आज सायंकाळी घरी शेतातून जे हात परत येतील, ते कोमट पाण्याने धुवावयास सांगा, आणि वाळण्यापूर्वी त्यांवर तेलाचे चार थेंब तुम्ही स्वतः चोळा.