औषधी वनस्पतींसाठी निंबोळी अर्क : क्वाथ नव्हे, हिम

चिकित्सालयाच्या अंगणातील तुळशीची पाने आपण रुग्णांच्या हाती देतो. म्हणूनच तिच्यावर रासायनिक कीटकनाशक फवारणे अनुचित होय. प्रस्तुत लेखकाने तुळशीवरील अळीसाठी प्रथम निंबोळीचा क्वाथ करून फवारला. अळी तशीच राहिली. दोष द्रव्याचा नव्हे, कल्पनेचा होता. निंबोळीतील अॅझाडिरॅक्टिन किडीचे खाणे व कात टाकणे रोखते. परंतु उकळल्याने व उन्हाने त्याचा ऱ्हास होतो. यास्तव येथे शार्ङ्गधरोक्त हिमकल्पना योजावी.

कृती : निंबोळीच्या मगजाचे ५० ग्रॅम भरड चूर्ण सहापट, म्हणजे ३०० मि.ली. थंड पाण्यात रात्रभर भिजवावे. दुसऱ्या दिवशी वस्त्रगाळ करून, २ ग्रॅम साबण विरघळवलेले पाणी मिसळून एकूण १ लिटर करावे. हा ५ टक्के अर्क त्याच दिवशी सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावा, साठवू नये.

वनस्पतिज ते निर्दोष, असा समज मात्र नसावा. निंबतैल पोटात गेल्याने बालकांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. फवारलेली पाने प्रस्तुत लेखक आठवडाभर रुग्णास देत नाही. त्यानंतरही स्वच्छ धुऊनच देतो.