बुडालेल्या गाडीचा सेल्फ मारू नकोस

बाळा, गॅरेजच्या किल्ल्या आता तुझ्याकडे आहेत, म्हणून एवढं ऐकून ठेव. कामवारी नदीला पूर आला की आपल्याकडच्या तीन बत्ती, खाडीपार, ईदगाह रोडकडच्या गाड्या पाण्यात उभ्या राहतात. पाणी ओसरलं की गिऱ्हाईक म्हणतं, "काका, एकदा सेल्फ मारून तर बघा." मारायचा नाही. कितीही ओळखीचा असो.

२६ जुलै २००५च्या पावसानंतर मी मारला होता. कापडाच्या गाठी नेणाऱ्या माणसाचा टेम्पो होता. टक् असा एकच आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी बसलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की रॉडच वाकतो. खोललं तेव्हा वाकलेला रॉड मी त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. तो काही बोलला नाही. अर्धा खर्च मी सोसला, पण त्याचा धंदा महिनाभर बंद राहिला.

तेव्हा आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. पाणी कुठवर चढलं त्याचे फोटो मालकाला काढायला लाव, त्याच दिवशी विमा कंपनीला कळवायला सांग, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत पाना लावू नकोस. पाणी ओढून गेलेलं इंजिन साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. हे गिऱ्हाइकाला मे महिन्यात सांग, ऑगस्टमध्ये सांगून काय उपयोग? दुरुस्ती आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर जात असेल तर गाडी टोटल लॉसमध्ये जाते. तिथे ओढूनताणून काम घेऊ नकोस.

मग डिपस्टिक ओढ. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. एअर फिल्टर ओला असेल तर प्लग काढ, डिझेल असेल तर इंजेक्टर, आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं सावकाश फिरव. भोकांतून पाणी उडेल, ते पूर्ण थांबेपर्यंत फिरव. ऑइल आणि फिल्टर बदल, थोडं चालवून पुन्हा बदल. गिअरबॉक्सचं ऑइल विसरू नकोस, ब्रीदरमधून तिथंही पाणी शिरतं.

इंजिन सुरू झालं की सगळे खूश होतात. खरं काम तिथून पुढे असतं. भरतीच्या वेळी खाडी नदीला मागे रेटते, त्यामुळे आपल्याकडचं पाणी निव्वळ पावसाचं नसतं. त्यात खार असतो, गटार असतं. वायरिंगच्या कपलरच्या पिना हळूहळू हिरव्या पडतात आणि तीन महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागतो. म्हणून सीट आणि कार्पेट काढ, कपलर सोडवून गोड्या पाण्यानं धू, हवा मार, कॉन्टॅक्ट क्लीनर मार. कार्पेट वरून सुकलेलं दिसतं, खालचा फोम आठवडाभर ओला राहतो. तो दाबून बघ. इलेक्ट्रिक गाडी आली तर नारिंगी वायरींना हात लावू नकोस, कंपनीचा माणूस बोलाव.

कुणी जुनी गाडी विकत घेण्याआधी दाखवायला आणली तर सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढ. गाडी कितीही धुतलेली असो, रिळात गुंडाळलेली ती शेवटची वीतभर पट्टी कुणी धूत नाही. तिथे मातीची रेघ दिसली तर दलाल ओळखीचा असला तरी गप्प बसू नकोस. पट्टी घेणाऱ्याच्या हातात दे, त्यालाच बघू दे.