‘साहेब’ म्हणाल्या तेव्हाच कळायला हवं होतं

निपाणीच्या एका तंबाखू वखारीत मी हजेरी कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट. वय पंचविशीचं. वखारीत शंभरेक बायका तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. हवेत खकाणा एवढा, की प्रत्येकीचं नाक-तोंड पदरानं घट्ट बांधलेलं असायचं. उघडे राहायचे ते फक्त डोळे, आणि तेही दिवसभर लाल. तरीसुद्धा कोण रागावलंय, कोण खुशीत आहे, हे मला बघताक्षणी कळतं, असा माझा समज होता.

त्यांतल्या एक मावशी मला ‘बाळ’ म्हणायच्या. पगाराच्या दिवशी अंगठा उठवताना दर खेपेला म्हणायच्या, “बाळ, नीट बघ रं, अंगठा झिजलाय माझा.” एका शनिवारी त्या टेबलापुढं आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, माझा एक दिवस कमी पडलाय.”

मी मान वर केली नाही. “पुढच्या आठवड्यात बघू,” म्हणालो.

त्या क्षणभर थांबल्या. पदराचं टोक कानामागं एकदा खोचलं, पुन्हा खोचलं. अंगठा रजिस्टरवर एवढा दाबला, की शाई चौकटीबाहेर पसरली. “बरं, साहेब,” म्हणाल्या आणि गेल्या. मला मात्र मनातून बरं वाटलं. आईच्या वयाची बाई आपल्याला साहेब म्हणू लागली, म्हणजे आपला मान वाढला असं मी धरून चाललो.

पुढच्या शनिवारी तो खाडा तसाच होता. मी विसरलो होतो. मावशींनी पैसे मोजले, एकेक नोट तळहातानं सरळ केली आणि सगळी गड्डी माझ्यापुढं परत ठेवली. तोंडातून शब्द नाही. मी भडकलो. “काय ते स्पष्ट बोला की! गप्प राहून मला काय कळणार?” त्या दाराकडं वळल्या. मी टेबलाला वळसा घालून पुढं गेलो आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभा राहिलो. माझ्या मनात होतं, थांबवावं आणि समजूत काढावी. त्यांना मात्र वाट अडवून उभा राहिलेला, आवाज चढलेला पुरुष दिसत होता. माझ्या हाताखालून निघायला गेल्या, उंबऱ्याला पाय अडला आणि त्या दगडी पायरीवर पडल्या. उजवं मनगट मोडलं.

सगळ्यात आधी धावून आली ती चिकोडीकडची एक कानडी अक्का. “दारी बिड्री! दारी बिड्री!” वाट सोडा, वाट सोडा, असं ओरडत तिनं मला बाजूला केलं आणि मावशींचा हात आपल्या मांडीवर घेतला. या अक्काला मी दोन वर्षं भांडखोर समजत आलो होतो, कारण तिचा आवाज वखारीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा.

रात्री रजिस्टर उघडून बसलो. एकाच गावच्या, एकाच नावाच्या दोघी. मावशींची त्या दिवसाची हजेरी मी दुसरीच्या नावापुढं मांडली होती. चूक माझीच होती, आणि मावशींनी ती मला वेळेवर सांगितलीही होती.

चेहरा सगळं सांगत नाही

पुढं मी वखार सोडली आणि एका पतसंस्थेत काउंटरवर बसलो. तिथं वीसहून जास्त वर्षं काढली. पैसे, कागद आणि रांग असली की राग आलाच. मनगटाचा तो प्रसंग डोक्यातून जाईना, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रौद्र रसाचं वर्णन आहे. लाल डोळे, चढलेल्या भुवया, दातांखाली दाबलेला ओठ, थरथरणारे गाल, एकमेकांवर चोळले जाणारे हात. आपल्या बोलीतही हा सगळा तपशील आहेच. कपाळाला आठ्या, फुललेल्या नाकपुड्या, दात-ओठ खाणं, मुठी आवळणं, डोळे वटारणं. चार्ल्स डार्विननं १८७२ मध्ये माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिलं, त्यातही रागाची अशी लक्षणं आहेत. १९७८ मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझेन यांनी चेहऱ्याच्या एकेका हालचालीला क्रमांक दिला. त्यांच्या मांडणीत रागाच्या खुणा अशा: भुवया खाली येऊन एकमेकींजवळ सरकतात, पापण्या ताणल्या जातात, ओठ आवळून बारीक होतात.

यामागं शरीराचं सरळ कारण आहे. राग आला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी जलद होते, श्वास छातीत वरवर चालतो, जबडा, खांदे आणि हात ताठ होतात. शरीर झुंजायला तयार होतं.

पण २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला आणि त्यातून निघालं ते मला फार पटलं. राग आलेला असताना माणसं कपाळाला आठ्या घालतात, ते सुमारे ३० टक्के वेळाच. उरलेल्या वेळी राग शांत चेहऱ्यानं, हसऱ्या चेहऱ्यानं, कधी डोळ्यांत पाणी आणूनही येतो. आणि आठ्या असल्या म्हणजे राग असतोच असंही नाही. बारीक अक्षर वाचताना, हिशेब जुळवताना, पोटात दुखत असताना, उन्हाकडं बघतानाही त्या पडतात.

आमच्या वखारीत हे रोज घडत होतं. लाल डोळे खकाण्याचे होते, ओढलेल्या भुवया धुळीपासून बचावाच्या होत्या, चढा आवाज यंत्राच्या घरघरीवर मात करायचा होता. जिथं राग नव्हता तिथं मला तो दिसायचा, आणि जिथं होता तिथून मी नजर काढून घेतली होती.

धुमसणारा राग

मराठीत रागाला दोन वेगळी क्रियापदं आहेत. एक राग उसळतो, एक धुमसतो. उसळणारा राग ओळखायला शिकावं लागत नाही. धुमसणाऱ्याकडं आपण दुर्लक्ष करतो, कारण त्याचा त्रास आपल्याला लगेच होत नाही.

निपाणीकरांना हे वेगळं सांगायला नको. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. मी तेव्हा शाळेत होतो. आठवडे उलटले, माणसं बसूनच राहिली. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. तेव्हापासून कुणी शांत बसलंय म्हणून त्याचा राग संपलाय, असं मानायची मला भीती वाटते. ज्याला विचारून उत्तर मिळालेलं नाही, तो माणूस गप्प असला तरी त्याचा प्रश्न तिथंच असतो.

दोन भाषांच्या मधला राग

निपाणीपासून तवंदी घाट, संकेश्वर, पुढं बेळगाव. या पट्ट्यात एकाच गल्लीत दोन भाषा नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ पासूनच्या सीमाप्रश्नानं इथल्या माणसांच्या मनात एक दुखरी जागा ठेवली आहे, त्यामुळं समोरच्याचा आवाज जरा चढला की तो राग भाषेचाच असेल असं वाटायला वेळ लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद पेटला, कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्यांची ये-जा काही दिवस थांबली. हाल झाले ते दवाखान्याला, कॉलेजला, कामाला निघालेल्यांचे, आणि ते दोन्ही भाषांचे होते.

कानडी अक्काच्या बाबतीत मी जे चुकलो, ते इथं पुष्कळांचं चुकतं. मी तिचा आवाज मोजत होतो. शब्दाच्या शेवटचा ‘री’ मला ऐकूच आला नाही. “बर्री, कूड्री,” या, बसा. उत्तर कर्नाटकातल्या कानडीत हा ‘री’ मान देतो. मावशी पायरीवर पडलेल्या असताना, मला ढकलत असतानासुद्धा ती ‘बिडु’ म्हणाली नाही, ‘बिड्री’ म्हणाली. ‘री’ ज्या वाक्यातून गळेल, त्या वाक्याशी सावध व्हावं, हे मी नंतर शिकलो.

मराठीतही तसंच आहे, फक्त दिशा कधीकधी उलटी. परक्यानं ‘अहो’ सोडून ‘अरे’ धरलं की ठिणगी पडलीच. पण जवळच्या माणसानं ‘अरे’ सोडून ‘अहो’ धरलं, तर ते त्याहून गंभीर. “जेवतोस का रं?” विचारणारी आई ज्या दिवशी “ताट वाढलंय” एवढंच म्हणते, त्या दिवशी घरात काहीतरी बिनसलेलं असतं. ‘बाळ’चं ‘साहेब’ होणं ही मावशींच्या रागाची सगळ्यात मोठी खूण होती, आणि नेमकी तिच्यावरच मी खूश झालो.

वाचायचं ते काय

पतसंस्थेत नवी मुलं कामाला यायची, त्यांना मी या गोष्टी सांगत असे.

चेहऱ्यापेक्षा बदल बघा. रोज मोठ्यानं बोलणारा मोठ्यानं बोलला, तर तो त्याचा स्वभाव. तोच एकदम हळू बोलू लागला, तर लक्ष द्या. त्यासाठी माणूस बरा असताना कसा असतो हे आधी ठाऊक हवं. रोज दोन शब्द बोललात तरच ते कळतं.

एका खुणेवर निकाल देऊ नका. नुसत्या आठ्या, नुसते घडी घातलेले हात, नुसती खाली नजर यांतून काही ठरत नाही. आमच्याकडं सून सासऱ्यापुढं नजर खाली ठेवते, तो राग नसतो. दोन-तीन खुणा एकदम आणि एकाच प्रसंगानंतर दिसल्या, तर मात्र थांबा.

हात आणि पाय बघा. चेहऱ्याला लपायची सवय असते, हातांना तितकी नसते. वस्तू गरजेपेक्षा जोरानं ठेवणं किंवा गरजेपेक्षा सावकाश ठेवणं, पदर, पिशवी, किल्ली पुन्हापुन्हा चाचपणं, तोंड आपल्याकडं पण पावलं दाराकडं. मावशींनी सरळ केलेल्या त्या नोटा मला अजून दिसतात.

आणि आधी स्वतःला बघा. आपला जबडा आवळलेला असेल, श्वास वर चालला असेल, तर समोर राग दिसण्याची शक्यता दुप्पट धरा. तो आपलाच असू शकतो.

ओळखल्यावर काय करायचं

“तुम्ही रागावलात का?” असं विचारू नका. त्यावर “नाही” हेच उत्तर येतं. गोष्टीबद्दल विचारा. “मावशी, मागच्या खेपेला काहीतरी राहिलं का?” एवढं विचारलं असतं, तरी पुरलं असतं.

‘पुढच्या आठवड्यात’ म्हणालात, तर त्यांच्यादेखत कागदावर लिहा. आपलं म्हणणं नोंदलं गेलं हे दिसलं, की माणसाचे खांदे खाली येतात. काउंटरवर हे मी शेकडो वेळा पाहिलं.

उभे असाल तर बसा, किंवा निदान एक पाऊल मागं या. हात दिसतील असे ठेवा. अगदी समोरासमोर ठाकण्यापेक्षा जरा कलून उभे राहा. आवाज खाली घ्या. रागावलेल्या माणसाला हात लावू नका, प्रेमानंसुद्धा नाही. आणि दार कधीही अडवू नका. कोंडल्यासारखं वाटलं की राग भीतीत मिसळतो, आणि मग जे घडतं ते दोघांच्याही हातात राहत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. समोरचा माणूस धमकावतोय, हत्याराकडं हात नेतोय, घरात मारहाण होतेय, तर तिथं त्याचा चेहरा वाचत बसायचं नाही. तुम्ही दाराच्या बाजूला राहा, मुलांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांना हाक द्या. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक फोनमध्ये असू द्या. दुसऱ्याचा राग समजून घ्यायची जबाबदारी मार खाणाऱ्यावर नसते.

मावशींचं मनगट जुळलं, पण पहिल्यासारखी चाळण धरता येईना. खाडा काढला, पैसे दिले, दवाखान्याचा खर्चही केला. दोन महिन्यांनी त्यांच्या घरी जाऊन पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवलं, चहा केला, गुळाचा. राग राहिला नव्हता, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं. कप ठेवताना आवाजसुद्धा झाला नाही.

पुढं कितीतरी वर्षं निपाणीच्या स्टँडवर त्या अधूनमधून भेटायच्या. थांबून चौकशी करायच्या, मुलांची नावं घेऊन विचारायच्या. “बरं हाय नव्हं, साहेब?” म्हणायच्या. ‘बाळ’ म्हणतील म्हणून मी दर वेळी वाट बघायचो.