ऑर्गनवर लोकगीत आणि जॅझ



गायकवृंदातील तरुणांनी विचारले, "फादर, जुन्या गीताला ऑर्गनवर जॅझचा ठेका दिला तर चालेल का?" ज्येष्ठांना ही कल्पनाच रुचली नाही. उत्तर देण्यापूर्वी एक उदाहरण पाहू.

अमेरिकेतील जॅझवादक फॅट्स वॉलर (१९०४-१९४३) लहानपणी वडिलांच्या रस्त्यावरील प्रवचनांत पायपेटीसारखा छोटा ऑर्गन वाजवीत असे. वडिलांना जॅझ पसंत नव्हते. मुलाने तीच वाट धरली. परंतु ऑगस्ट १९३८ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, मोठ्या ऑर्गनवर त्याने 'गो डाऊन, मोझेस', 'डीप रिव्हर' ही भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली. ही कृष्णवर्णीय गुलामांची लोकगीते. मोशेने इस्राएल लोकांना मिसर देशातून सोडविले, या कथेत त्यांना स्वतःच्या सुटकेची आशा दिसली.

हा मेळ का जमला? कारण जॅझ आणि ही गीते एकाच समाजात जन्मली. शिवाय पियानोचा स्वर हळूहळू विरतो. ऑर्गनचा स्वर बोट उचलेपर्यंत टिकतो. त्यामुळे विनवणीची लांब चाल त्यावर शोभते. पाय खर्जाचे स्वर सांभाळतात आणि हात जॅझच्या लयीने चाल फुलवितात.

मात्र वॉलरचे ते वादन स्टुडिओतील होते, मिस्साबलिदानातील नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात ऑर्गनचा गौरव केला (कलम १२०), तसेच लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्यावा असेही सांगितले (कलम ११९). म्हणजे दार बंद नाही. पण संत आगस्टीन आपल्या आत्मकथनात कबूल करतात की, गीतातील आशयापेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले, तेव्हा आपले चुकले.

म्हणून तीन प्रश्न विचारू या :

१. गीताचे शब्द स्पष्ट ऐकू येतात का?
२. सर्व भाविकांना बरोबर गाता येते का?
३. शेवटी मन प्रभूकडे वळते की वादकाकडे?

तरुणांनो, एक गीत बसवा आणि मिस्साबलिदानानंतर आम्हांला ऐकवा. ज्येष्ठांनो, तुम्हीही थांबा, शेवटपर्यंत ऐका आणि मगच मत द्या. या तीन प्रश्नांची उत्तरे आपण एकत्र बसून शोधू.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू