गाईला पाणी, वाघालाही पाणी

प्रेम हा शब्द आपण फार सैल वापरतो. कीर्तनात टाळ घुमले, डोळे भरून आले, की म्हणतो, आज प्रेम आलं बुवा! ते काही खोटं नव्हे. पण माउलींनी प्रेमाला जे काम नेमून दिलं आहे, ते डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा पुष्कळ जड आहे.

ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय काढा. तेराव्या श्लोकावरील ओव्या पहा. भक्ताची लक्षणं सांगताना देवाने पहिलंच सांगितलं ते कोणाचाही द्वेष न करणं. माउली तिथे साधे दृष्टांत देतात. जमीन चांगल्याला जवळ घेऊन वाईटाला झिडकारीत नाही. पाणी गाईची तहान भागवतं, आणि वाघ आला म्हणून विष होत नाही. प्रकाशे येथे गोमाई तापीला मिळते, त्या संगमावर उभं राहिलं की हा दृष्टांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता कोणी विचारील, "महाराज, वाघाला पाणी पाजायचं, आणि त्याने गाय मारली तर बघत बसायचं का?" प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर ग्रंथाच्या शेवटी, पसायदानात सापडतं. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ग्रंथ पुरा झाला, तेव्हा माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, जीवाजीवांत मैत्री व्हावी, एवढं मागितलं. माणूस ठेवायचा आणि वाकडेपणा तेवढा काढायचा. मारून टाकण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. अन्याय सोसत राहा, असा याचा अर्थ लावणाऱ्यांनी पसायदान नुसतं म्हटलं, वाचलं नाही.

हे पोथीबाहेर कसं येतं, त्याचे दोन दाखले आपल्या खानदेशातलेच आहेत. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला; त्यापूर्वी हा मुलूख धुळ्याला जोडलेला होता. त्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून अशा अठरा रविवारी गीतेचे अठरा अध्याय सांगितले. श्रोते कैदी. ते बोलणं उतरवून घेतलं साने गुरुजींनी, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आलं. बाराव्या अध्यायाची भक्तिलक्षणं तुरुंगाच्या भिंतीत बसून लिहून घेणारा हाच माणूस १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरी, विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणाला बसला. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांना विनवलं होतं. १ मे रोजी सुरू झालेलं उपोषण १० मे रोजी सुटलं, आणि ज्यांना नामदेव पायरीच्या पुढे जाऊ दिलं जात नव्हतं त्यांना पांडुरंग मोकळा झाला. दार अडवणाऱ्यांना त्यांनी शत्रू मानलं नाही, पण दार बंदही राहू दिलं नाही. त्रास घेतला तो स्वतःच्या देहावर. वाघालाही पाणी ते हेच!

दुसरा दाखला तळोदे तालुक्यातील मोरवडचा. तिथले गुलाम महाराज वारकरी पंथातले नव्हेत, भिल्ल समाजातले. १९३० नंतरच्या काळात हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला जमू लागले आणि दारू सोडू लागले. दारू आणि सावकार यांनी त्या गोरगरिबांना किती नागवलं होतं, हे सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना सांगायला नको. महाराजांनी आणखी एक गोष्ट शिकवली, दिसायला अगदी लहान. एकमेकांना 'आप' म्हणायचं. ज्यांना साऱ्या बाजारात 'ए', 'अरे' ऐकायची सवय, ते आपसात 'आप' म्हणू लागले. महाराज १९३८ मध्ये वारले. पण त्या संबोधनावरूनच त्यांच्या पंथाला लोक 'आप' म्हणून ओळखू लागले.